करार संपत आला, पुढे काय? घरमालक वाचकांचे प्रश्न

या वेळची बहुतेक पत्रे एकाच विषयावरची आहेत. भाडेकरू तोच, घर तेच, फक्त कराराची मुदत संपते आहे. उत्तरे महाराष्ट्रातल्या राहत्या घरांपुरती आहेत. पागडीच्या किंवा दुकान-ऑफिसच्या जागांना ती लावू नयेत.

प्रश्न : कोथरूडच्या आमच्या टू-बीएचकेचा अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार पुढच्या महिन्यात संपतो. भाडेकरू चांगले आहेत, त्यांनाच ठेवायचे आहे. जुन्या करारालाच एक पान जोडून दोघांनी सह्या केल्या तर चालेल का? एजंट म्हणतो, सगळे पहिल्यापासून करावे लागेल.

या बाबतीत एजंटचे बरोबर आहे. बोलताना आपण ‘रिन्यू केला’ म्हणतो, पण प्रत्यक्षात जुना करार मुदतीच्या शेवटच्या दिवशी संपतो आणि दुसऱ्या दिवसापासून नवा दस्त सुरू होतो. नवा मसुदा, नवे मुद्रांक शुल्क, नवी नोंदणी, नवा दस्त क्रमांक. ‘पुढे वाढवता येईल’ असे जुन्या करारात लिहिलेले असले तरी तो आपोआप वाढत नाही. त्या वाक्याचा अर्थ एवढाच, की दोघांची तयारी असेल तर पुन्हा करार करता येईल.

जोडपानाची किंवा नोटरीची पळवाट का टाळायची, ते महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९च्या कलम ५५मध्ये आहे. करार लेखी हवा, नोंदणीकृत हवा आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. पण खरी मेख पुढे आहे. नोंदणी नसताना अटींवरून वाद झाला तर, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात. म्हणजे तो म्हणाला, ‘भाडे बारा हजारच ठरले होते आणि मुदत पाच वर्षांची होती’, तर ते खोटे आहे हे दाखवण्याचे काम तुमचे. स्टँप पेपरवर नोटरीचा शिक्का असला तरी यात फरक पडत नाही, कारण नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे.

वेळेचे गणित असे ठेवा. मुदत संपण्याच्या दोन महिने आधी राहणार का, किती भाड्यात, हे लेखी विचारा, व्हॉट्सअॅपवर विचारले तरी पुरे. महिनाभर आधी होकार-नकार पक्का करा. पंधरा दिवस आधी मसुदा पाठवा. सह्या आणि अंगठे जुना करार संपण्याआधी झालेले असावेत, म्हणजे मध्ये एक दिवसही मोकळा राहत नाही.

प्रश्न : सगळे अकरा महिन्यांचाच करार करतात. आम्ही तीन वर्षांचा केला तर नुकसान आहे का? खर्च किती वाढेल?

अकरा महिन्यांची सवय नोंदणी अधिनियम, १९०८मुळे लागली. एक वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी त्यात सक्तीची आहे, म्हणून देशभर लोक अकरा महिन्यांवर थांबतात. महाराष्ट्रात कलम ५५ मुदत पाहतच नाही, अकरा महिन्यांच्या करारालाही नोंदणी लागतेच. त्यामुळे ज्या कारणासाठी अकरा महिने धरले जातात ते कारण इथे उरलेलेच नाही. तरीही एजंट अकरा महिने सुचवतात, कारण दरवर्षी नवा करार म्हणजे दरवर्षी नवी फी.

मुद्रांक शुल्क एकूण रकमेच्या ०.२५ टक्के. एकूण रकमेत पूर्ण मुदतीचे भाडे, परत न करायची काही रक्कम घेतली असेल तर ती, आणि परत करायच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेले मानीव व्याज हे सगळे येते. समजा, भाडे १६,००० आणि डिपॉझिट ८०,००० आहे. बारा महिन्यांचे भाडे १,९२,०००, त्यात व्याजाचे ८,००० मिळवले की २,००,०००. त्याचे ०.२५ टक्के म्हणजे ५०० रुपये. याशिवाय नोंदणी फी शहरी भागात १,०००, ग्रामीण भागात ५००. दस्त हाताळणी शुल्क आणि ऑनलाइन नोंदणीची (ई-नोंदणीची) सेवा देणाऱ्याचे पैसे वेगळे.

हाच करार ३६ महिन्यांचा केला तर मुद्रांक १,५०० होते, पण नोंदणी फी एकदाच, म्हणजे एकूण २,५००. दरवर्षी एक असे तीन करार केले तर ४,५००. दरवर्षीची भाडेवाढ करारात आकड्यांनिशी लिहिली तर मुद्रांक थोडे वाढेल, तेही किरकोळ. मात्र साठ महिन्यांच्या वर जाऊ नका. तिथून पुढे तो दस्त भाडेपट्टा समजला जातो आणि शुल्काचा हिशेबच बदलतो.

मोठ्या मुदतीतला धोका एकच. मध्येच घर रिकामे हवे झाले तर नोटिशीचे कलम नीट असले पाहिजे. आमचे मत विचाराल तर पहिल्यांदा आलेल्या भाडेकरूशी अकरा-बारा महिन्यांचा आणि पारखून घेतलेल्याशी २४ किंवा ३६ महिन्यांचा करार करावा. त्यात दोन महिन्यांची नोटीस आणि पहिले सहा महिने लॉक-इन, म्हणजे करार मध्येच न मोडण्याचा काळ, ठेवावा. लॉक-इन दोघांना लागू आहे की फक्त भाडेकरूला, हे मसुद्यात स्पष्ट लिहा. निम्म्या मसुद्यांत ते धूसरच असते.

प्रश्न : नव्या करारात जुना मजकूर तसाच उतरवून फक्त तारखा आणि भाडे बदलायचे ना? आणि डिपॉझिट आता ८० हजारांवरून एक लाख करणार आहोत, ते कसे दाखवायचे?

तसाच उतरवला तर सगळ्यात मोठी चूक डिपॉझिटमध्येच होते. जुन्या मसुद्यात ‘आज रोजी धनादेशाने रु. ८०,००० मिळाले’ असे वाक्य असते. तेच नव्या दस्तात गेले की कागदोपत्री तुम्ही दोनदा डिपॉझिट घेतलेले दिसते. त्याऐवजी असे लिहा : ‘दिनांक अमुकच्या, दस्त क्रमांक तमुकच्या करारान्वये स्वीकारलेली रु. ८०,००० अनामत रक्कम या करारात वर्ग करण्यात आली असून, वाढीव रु. २०,००० दिनांक अमुक रोजी बँक हस्तांतरणाने, यूटीआर क्रमांक तमुक, मिळाले. एकूण अनामत रु. १,००,०००.’ मुद्रांकाचे मानीव व्याज अर्थातच पूर्ण एक लाखावर धरले जाते.

भाडेवाढीबद्दलही पुष्कळ जण विचारतात. लिव्ह अँड लायसन्समध्ये वाढीला कायद्याने घातलेली मर्यादा नाही, जे दोघांत ठरेल ते. १९९९च्या अधिनियमात वर्षाला ४ टक्के वाढीची जी तरतूद आहे ती जुन्या, भाडे नियंत्रणाखालच्या भाडेकरूंसाठी आहे. मसुद्यात ‘दरवर्षी ५ टक्के वाढ’ एवढेच लिहून सोडू नका. कोणत्या महिन्यापासून किती रुपये, तो आकडा घाला : ‘१ ते १२ महिने १६,०००, १३ ते २४ महिने १६,८००’. ई-नोंदणीच्या फॉर्ममध्येही टप्प्याटप्प्याचे भाडे भरावे लागते, तो आणि मसुदा जुळला पाहिजे.

सामानाची यादी मात्र पूर्ण नवी करा. ‘पंखे ४, गीझर १’ अशी यादी घर सोडताना कोणाच्याच कामाची नसते. गीझर कोणत्या कंपनीचा, किती लिटरचा, चालू की बंद, वॉरंटी आहे का. किचन ट्रॉलीचे चॅनेल सरकतात का. बाथरूमच्या बाहेरच्या भिंतीला ओल आहे का. करार नवा होतो आहे तोवर एकदा भाडेकरूसमोर घर फिरून पाहा आणि त्या दिवशीचे फोटो दोघांकडे राहू द्या. पहिल्या वर्षी झालेली झीज आत्ताच नोंदली नाही तर ती कोणत्या वर्षातली यावर पुढे भांडण होते. रंगकामाचे पैसे कापायचे असतील तर रक्कम आधीच ठरवा, ‘योग्य तो खर्च’ हे शब्द टाळा. वीजबिल, गॅसबिल थकलेले नाही ना, हेही याच वेळी पाहून घ्या आणि मीटरचे आकडे यादीच्या खाली लिहा.

आणखी एक वाक्य तपासा : जागा ‘फक्त राहण्यासाठी’ दिली आहे. भाडेकरू हॉलमध्ये शिकवणी किंवा क्लिनिक चालवू लागला तर पुढे ताब्याचा सोपा मार्ग अडचणीत येतो. तो मार्ग कोणता, ते खाली येईलच.

प्रश्न : आमचा करार तीन महिन्यांपूर्वीच संपला. भाडेकरू दर महिन्याला ठरलेले भाडे खात्यात टाकतो आहे. भांडण काहीच नाही. आता मागच्या तारखेचा करार करता येईल का?

सहीची तारीख मागची टाकायची नाही, ती सही करतो त्याच दिवसाची. पण कराराची मुदत जुना करार संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून सुरू होते असे दाखवता येते आणि मुद्रांक त्या पूर्ण काळावर भरायचा. तसे करायचे नसेल तर मुदत आजपासून धरा आणि मसुद्यात एक परिच्छेद घाला : जुना करार अमुक तारखेला संपला, मधल्या काळात परवानाधारक जुन्याच अटींवर राहिला, त्या काळाचे इतके रुपये मिळाले, या काळाबद्दल कोणाचाही वेगळा हक्क नाही.

परवानाधारक म्हणजे लिव्ह अँड लायसन्सवर, फक्त ठरावीक मुदतीच्या परवानगीने राहणारा. आपण बोलताना त्यालाच भाडेकरू म्हणतो, पण कायद्यात भाडेकरूचे हक्क वेगळे. आज भांडण नाही म्हणून हे टाळू नका. कराराशिवायच्या महिन्यांत भाडे घेत राहिलात की ‘मी आता परवानाधारक नाही, भाडेकरूच झालो’ हे म्हणायला समोरच्याला जागा मिळते. तो दावा टिकेल की नाही हा पुढचा प्रश्न, पण तोवर वर्षे जातात. दस्तावर सही झाल्यापासून चार महिन्यांत तो नोंदणीसाठी सादर करावा लागतो, हेही लक्षात असू द्या. ‘सही करून कपाटात ठेवला आहे, सवडीने नोंदवू’ असे म्हणणाऱ्यांची मुदत अशीच निघून जाते.

प्रश्न : घर आईच्या नावावर आहे, वय ७८. सेवा देणारा माणूस घरी मशीन घेऊन आला, पण अंगठा तीनदा नापास झाला. आता काय?

आधी आईचे आधारवरील बायोमेट्रिक लॉक केलेले नाही ना, ते पाहा. फसवणुकीच्या भीतीने पुष्कळ घरांत मुलांनीच ते लॉक करून ठेवलेले असते आणि मग विसरले जाते. आधारच्या अॅपवरून ते तात्पुरते उघडता येते. लॉक नसेल तर हात कोमट पाण्याने धुऊन, पुसून, थोडे क्रीम लावून दुसरी बोटे वापरून पाहा. अंगठाच लागतो असे नाही. वयोमानाने रेषा झिजतात, अशा वेळी आधार केंद्रावर जाऊन बायोमेट्रिक अद्ययावत केले की बहुधा काम होते.

तरीही जमले नाही तर ई-नोंदणीचा हट्ट सोडा आणि दुय्यम निबंधक कार्यालयात नेहमीच्या पद्धतीने नोंदणी करा. आईंना जाणे शक्य नसेल तर निबंधकांनी घरी येण्यासाठी कारणासह अर्ज करता येतो, नोंदणी कायद्यात तशी सोय आहे. दरवर्षीचीच ही दगदग असेल तर तुमच्या नावाने कुलमुखत्यारपत्र करून घेणे बरे.

जाता जाता एक सूचना सर्वांसाठी. चलन भरल्याची पावती किंवा सह्या असलेली पीडीएफ हातात आली म्हणजे करार नोंदला गेला असे नाही. ऑनलाइन पाठवलेला दस्त निबंधक तपासतात, त्रुटी असेल तर परत पाठवतात. आधारवरचे नाव आणि मसुद्यातले नाव वेगळे, फ्लॅट क्रमांक किंवा विंग चुकलेली, पिनकोड दुसराच, अशा त्रुटी नेहमीच्या. सेवा देणाऱ्याकडून दस्त क्रमांक आणि इंडेक्स-टू (नोंदणी झाल्याचा अधिकृत उतारा) मिळेपर्यंत त्याचे पूर्ण पैसे चुकते करू नका.

प्रश्न : हिंजवडीजवळच्या फ्लॅटमध्ये तीन मुले राहतात. एक सोडून जातोय, त्याच्या जागी त्यांचा मित्र येणार. कराराचे अजून पाच महिने बाकी आहेत. तोवर तसेच चालू द्यावे का?

नको. नवा मुलगा करारात नाही, म्हणजे कागदोपत्री तो तुमच्या घरात पाहुणा आहे. जुना मुलगा कागदावर अजून आहे आणि डिपॉझिटमधला हिस्सा तुमच्याकडे मागू शकतो. तिघांच्या सह्यांनी जुना करार रद्द करून नवे तिघे मिळून नवा करार करा. मुलांचे आपापसातले डिपॉझिट त्यांनीच मिटवायचे, पण जाणाऱ्याकडून ‘माझे काही येणे नाही’ असे लिहून घ्या. नव्या करारात तिघेही पूर्ण भाड्याला ‘संयुक्तपणे व स्वतंत्रपणे’ जबाबदार आहेत, हे शब्द हवेत. नाहीतर एक जण गेला की उरलेले दोघे दोन तृतीयांश भाडे हातावर ठेवतात.

प्रश्न : सोसायटी दर नूतनीकरणाला एनओसीसाठी पाच हजार मागते. शिवाय मेंटेनन्सच्या दुप्पट आकारणी. हे कायदेशीर आहे का?

नाही. आदर्श उपविधींनुसार फ्लॅट भाड्याने देताना सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही. आठ दिवस आधी कळवायचे आणि नोंदणीकृत कराराची व पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत द्यायची. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी जी जादा आकारणी करते त्या नॉन-ऑक्युपन्सी चार्जेसना १ ऑगस्ट २००१च्या शासन आदेशाने मर्यादा घातली आहे : सेवा शुल्काच्या १० टक्के, आणि त्या सेवा शुल्कात महापालिकेचे कर धरायचे नाहीत. बिलातल्या पूर्ण रकमेवर दहा टक्के लावणे ही सोसायट्यांची नेहमीची चूक आहे. लेखी हरकत द्या, उत्तर आले नाही तर उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे तक्रार करा.

पोलिसांकडची भाडेकरूची माहितीही नव्या कराराबरोबर पुन्हा भरा. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर ती भरता येते. पोलिसांचा मनाई आदेश लागू असलेल्या शहरात ती न दिल्यास घरमालकावर गुन्हा दाखल होऊ शकतो, पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम १८८खाली, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३खाली.

प्रश्न : मुलगा अमेरिकेत असतो, ठाण्यातला फ्लॅट त्याच्या नावावर आहे. करार मी करू शकतो का? भाडे ३८ हजार आहे, म्हणजे टीडीएसचा प्रश्न नाही ना?

करार करता येईल, मुलाने तुम्हाला कुलमुखत्यारपत्र दिलेले हवे. त्यात ‘भाड्याने देणे’ एवढेच न लिहिता करारावर सही करणे, नोंदणीसाठी कबुली देणे, भाडे व डिपॉझिट स्वीकारणे आणि ताबा घेण्याची कारवाई करणे हे अधिकार नावानिशी असावेत. तिकडच्या भारतीय वकिलातीत ते साक्षांकित करून घ्या आणि भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरा.

टीडीएसचा, म्हणजे भाडे देतानाच कापून भरायच्या आयकराचा, प्रश्न मात्र आहे, आणि इथेच सगळे फसतात. ५० हजारांची मर्यादा निवासी भारतीय मालकासाठी आहे. महिना ५० हजारांच्या वर भाडे देणाऱ्या व्यक्तीने २ टक्के कापायचे, १ ऑक्टोबर २०२४पूर्वी हा दर ५ टक्के होता. मालक अनिवासी असेल तर किमान मर्यादाच नाही. अधिभार लागत नसेल तर ३० टक्के आणि त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे ३१.२ टक्के भाडेकरूने कापून भरायचे. त्यासाठी भाडेकरूला टॅन (कर कापणाऱ्याला मिळणारा) क्रमांक काढावा लागतो. पैसे तुमच्या खात्यात येतात म्हणून मुलगा निवासी ठरत नाही. मुलाचे एकूण उत्पन्न कमी असेल तर त्याने आयकर विभागाकडून कमी दराचे प्रमाणपत्र आधीच घ्यावे. भाडेकरूशी हे करार करण्याआधी बोला, कारण टॅनचे नाव काढल्यावर काही जण घरच नको म्हणतात.

प्रश्न : मुदत संपली. भाडेकरू नव्या करारावर सही करत नाही आणि घरही सोडत नाही. कुलूप बदलू का?

मुळीच नको. कुलूप बदलणे, पाणी किंवा वीज तोडणे, सामान बाहेर काढणे यातले काहीही केले तर तुमचे बाजूने असलेले प्रकरण उलटते. जबरदस्तीने बाहेर काढलेला माणूस सहा महिन्यांत दावा लावून ताबा परत मागू शकतो, तेव्हा मालकी कोणाची हे पाहिलेही जात नाही.

तुमचा करार नोंदणीकृत असेल तर मार्ग सरळ आहे. भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २४खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. राहण्यासाठी दिलेल्या जागेची मुदत संपली, ताबा मिळाला नाही, एवढेच दाखवायचे असते आणि त्यासाठी लेखी करारातला मजकूर निर्णायक पुरावा मानला जातो. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत भाडेकरूने बचावाची परवानगी मागावी लागते. ती मागितली नाही किंवा नाकारली गेली तर तुमच्या अर्जातले म्हणणे मान्य धरून ताब्याचा आदेश होतो. मुदत संपल्यापासून ताबा मिळेपर्यंत करारातल्या भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई मागता येते, ती अर्जातच मागा. आदेशाविरुद्ध ९० दिवसांत पुनरीक्षण अर्ज करता येतो, तेवढा वेळ गृहीत धरा. मालक वारला असेल तर त्याचे वारस हाच अर्ज करू शकतात.

अर्जाआधी एक लेखी नोटीस पाठवा आणि त्यात मुदत संपल्याची तारीख ठळक लिहा. या काळात खात्यात पैसे आलेच तर ‘ही रक्कम भाडे म्हणून नव्हे, भरपाईपोटी, हक्क अबाधित ठेवून स्वीकारली’ असे त्याच दिवशी उलट कळवा.

प्रश्न : ‘नव्या नियमानुसार दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट घेता येत नाही’ असा मेसेज भाडेकरूने पाठवला आहे. खरे आहे का?

दोन महिन्यांची मर्यादा केंद्राच्या २०२१च्या आदर्श भाडेकरू कायद्यातली आहे. तो नमुना आहे. राज्याने तसा स्वतःचा कायदा केला तरच ती त्या राज्यात लागू होते. महाराष्ट्रात नोंदणी, मुद्रांक आणि ताबा यांचे काम १९९९च्या अधिनियमाखालीच चालते आणि डिपॉझिट किती घ्यायचे ते दोघांनी ठरवायचे. भाडेकरूला पाच महिन्यांचे जड वाटत असेल तर तीनवर या. मुद्रांकही तेवढे कमी लागेल.